सूर्याच्या छायाचित्रणातील प्रतिमादोष

कॅमेऱ्याने सूर्य, सूर्यप्रकाशाने तळपणारा पृष्ठभाग किंवा सूर्याच्या लगतचे आकाश टिपले असता, प्रत्यक्ष दृश्यात नसलेल्या ज्या आकृत्या चित्रात उमटतात त्यांना प्रतिमादोष म्हणतात. सूर्याभोवतीची पांढरी झळाळी, त्यातून निघालेले ताऱ्यासारखे किरण, चित्रात तिरकस पसरलेली रंगीत वर्तुळे, बिंबातून वर-खाली गेलेली उभी रेषा, कडेची जांभळी किनार आणि क्वचित प्रसंगी बिंबाच्या मध्यभागी दिसणारा काळा ठिपका ही त्यांची परिचित उदाहरणे होत. डिजिटल कॅमेऱ्यांच्या प्रसारामुळे असे दोष सामान्य लोकांच्याही पाहण्यात येऊ लागले असले, तरी त्यांचा इतिहास छायाचित्रणाइतकाच जुना आहे. छायाचित्रात दिसणारी गोष्ट सूर्याची, पृथ्वीच्या वातावरणाची, भिंगाची की प्रतिमा नोंदविणाऱ्या माध्यमाची, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ज्योतिर्विदांपुढे उभा आहे. त्याच्या उत्तरावर सौर भौतिकीतील कित्येक निष्कर्षांची सत्यता अवलंबून राहिली आहे.

मूळ कारण : मध्यान्हीच्या सूर्यबिंबाची दीप्ती दर चौ. मी. ला सु. १·६ अब्ज कँडेला असते, तर निरभ्र निळ्या आकाशाची दीप्ती काही हजार कँडेला एवढीच असते. म्हणजे एकाच चौकटीत येणाऱ्या या दोन भागांच्या तेजस्वितेत लाखो पटींचा फरक असतो. चांगल्या डिजिटल संवेदकाला एका वेळी सर्वसाधारणपणे ४,००० ते १६,००० पटींपर्यंतचा फरक नोंदविता येतो. त्यामुळे भूदृश्य नीट दिसेल एवढे उद्भासन दिल्यास सूर्य माध्यमाच्या ग्रहणक्षमतेच्या फार पलीकडे जातो. अशा वेळी प्रकाशाचा अत्यल्प अंशही भलत्या ठिकाणी पोहोचला, तर तो तेथील खऱ्या प्रतिमेवर मात करतो. सूर्याचा कोनीय व्यास सु. अर्धा अंश असल्यामुळे ५० मिमी. केंद्रांतराच्या भिंगाने पडणारी त्याची प्रतिमा जेमतेम अर्धा मिमी. व्यासाची असते, तथापि सामान्य छायाचित्रात सूर्य याच्या कितीतरी पट मोठा दिसतो. हा जादा विस्तार सूर्याचा नसून प्रकीर्णित प्रकाशाचा व संपृक्त झालेल्या माध्यमाचा असतो.

प्रारंभीचे प्रयत्न : फ्रेंच भौतिकीविज्ञ आर्मां फीझो (१८१९–९६) व लेआँ फूको (१८१९–६८) यांनी पॅरिस येथे २ एप्रिल १८४५ रोजी डॅगेरोटाइप पद्धतीने सूर्याचे छायाचित्र घेतले. त्यात सूर्यावरील डाग स्पष्ट दिसतात. सूर्याचे तेज इतके प्रखर की, इतर विषयांच्या बाबतीत जाणवणारी प्रकाशाची उणीव येथे नव्हती. उलट उद्भासन पुरेसे अल्प कसे करावे, हीच अडचण होती. खग्रास ग्रहणात परिस्थिती नेमकी उलट असते. त्या वेळी दिसणारा सूर्याचा किरीट, म्हणजे करोना, बिंबाच्या मानाने सु. दहा लाख पटींनी मंद असतो. २८ जुलै १८५१ रोजी प्रशियातील केनिग्झबर्ग येथे बेर्कोव्हस्की यांनी ८४ सेकंदांचे उद्भासन देऊन खग्रास सूर्याचे डॅगेरोटाइप घेतले. किरीट यथायोग्य दाखविणारे हे पहिले छायाचित्र मानले जाते.

छायाचित्राची पुरावा म्हणून पहिली मोठी कसोटी १८ जुलै १८६० रोजी स्पेनमधून दिसलेल्या खग्रास ग्रहणात लागली. ग्रहणकाळी चंद्राच्या कडेबाहेर दिसणाऱ्या तांबूस ज्वाला सूर्याच्या आहेत, चंद्राच्या आहेत की केवळ दृष्टिभ्रम आहेत, याविषयी त्या वेळी एकमत नव्हते. इंग्लंडचे वॉरेन द ल रू (१८१५–८९) आणि इटलीचे आंजेलो सेक्की (१८१८–७८) यांनी स्पेनमधील परस्परांपासून दूर अशा दोन ठिकाणांहून स्वतंत्र उपकरणांनी छायाचित्रे घेतली. दोन्ही संचांत ज्वालांचे आकार जुळले. तसेच चंद्र पुढे सरकला तशा एका बाजूच्या ज्वाला झाकल्या जाऊन दुसऱ्या बाजूच्या उघड्या पडल्याचे दिसले. ज्वाला सूर्याच्याच आहेत, असे यावरून सिद्ध झाले. भिन्न स्थळ, भिन्न भिंग व भिन्न काचपट्टिका असूनही जे कायम राहते ते दृश्याचे, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात वापरले गेले. प्रतिमादोष ओळखण्याच्या पुढील सर्व पद्धतींचा आधार हेच तत्त्व आहे.

शुक्राचे अधिक्रमण : ९ डिसेंबर १८७४ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून जाताना दिसणार होता. शुक्राच्या बिंबप्रवेशाच्या क्षणावरून पृथ्वी व सूर्य यांमधील अंतर काढता येत असल्यामुळे अनेक राष्ट्रांनी दूरदूर मोहिमा पाठविल्या. अठराव्या शतकातील अधिक्रमणांत डोळ्यांनी वेध घेणाऱ्यांना शुक्राचे बिंब व सूर्याची कड यांमध्ये काळ्या थेंबासारखा दुवा दिसला होता व त्यामुळे स्पर्शाच्या वेळेविषयी एकवाक्यता झाली नव्हती. कॅमेऱ्याला भ्रम होत नाही, या समजुतीने १८७४ मध्ये छायाचित्रणावर मोठी भिस्त ठेवण्यात आली. फ्रेंच ज्योतिर्विद झ्यूल झांसेन (१८२४–१९०७) यांनी जपानमध्ये नागासाकी येथे याकरिता फिरत्या तबकडीवर लागोपाठ प्रतिमा घेणारे ‘छायाचित्रीय रिव्हॉल्व्हर’ वापरले. चलच्चित्रणाच्या पूर्वेतिहासातही या उपकरणाला स्थान आहे.

परंतु काचपट्टिकांवरील कडा अपेक्षेइतक्या रेखीव निघाल्या नाहीत. तेजस्वी बिंबाचा प्रकाश पायसात आजूबाजूस पसरल्यामुळे सूर्य फुगल्यासारखा व शुक्र आक्रसल्यासारखा दिसे. हवेच्या हालचालीमुळेही कडा पुसट होत. सूक्ष्मदर्शकाखाली मापन करणाऱ्यास कड नेमकी कोठे धरावी, हे ठरविता येईना. १८८२ च्या अधिक्रमणाच्या वेळी ब्रिटनने छायाचित्रणावरचा भर कमी केला. अमेरिकनांनी मात्र ते चालू ठेवले. यंत्राने केलेली नोंद निःपक्षपाती असली, तरी ती निर्दोष असतेच असे नाही, हा धडा या प्रकरणाने दिला.

व्युत्क्रमण व प्रभावलय : पॅरिसजवळील म्यूडाँ येथे झांसेन यांनी १८७६ पासून सूर्याच्या पृष्ठाची मोठी व अतिशय सुस्पष्ट छायाचित्रे घेतली. त्यांत पृष्ठाचा दाणेदार पोत प्रथमच चांगला दिसला. काही भागांत दाणे ठळक तर काही भागांत विस्कटलेले दिसत. यावरून सूर्यावर जाळीसारखी एक रचना असावी, असे त्यांनी १८७७ मध्ये प्रतिपादिले. दाणे खरे होते. जाळी मात्र दूरदर्शकाच्या नळीतील व बाहेरील हवेच्या हालचालीने उत्पन्न झालेली होती, असे पुढे दिसून आले. म्हणजे एकाच काचपट्टिकेवर एक महत्त्वाचा शोध व एक दोष शेजारी शेजारी नोंदले गेले होते.

झांसेन यांचे दुसरे निरीक्षण आजच्या डिजिटल कॅमेऱ्याच्या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. उद्भासन क्रमाने वाढवीत नेले, तर ऋणप्रतिमा एका मर्यादेपर्यंत गडद होते. त्यापुढे ती उलट फिकट होऊ लागते व अखेर धनप्रतिमा मिळते. उद्भासन आणखी वाढविल्यास हा पालट पुन्हा घडतो, असे त्यांनी १८८० मध्ये दाखविले. या आविष्कारास व्युत्क्रमण किंवा सोलरायझेशन म्हणतात. अति-उद्भासित ऋणप्रतिमेत सूर्याचे बिंब फिकट राहते व तीवरून छापलेल्या चित्रात ते काळे दिसते. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स (१९०२–८४) यांनी १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात घेतलेले ‘द ब्लॅक सन’ हे छायाचित्र याचे प्रसिद्ध उदाहरण असून त्यात हा दोष कलात्मक परिणामासाठी तसाच राखलेला आहे.

काचपट्टिकेचा आणखी एक स्वाभाविक दोष म्हणजे प्रभावलय. तेजस्वी प्रकाश पायसातून आरपार जाऊन काचेच्या मागील पृष्ठावरून परावर्तित होतो व मूळ प्रतिमेभोवती वलय निर्माण करतो. हे टाळण्यासाठी काचेच्या पाठीला प्रकाश शोषून घेणारा गडद लेप देण्याची पद्धत रूढ झाली. पुढे फिल्मच्या घडणीतच असा थर अंतर्भूत करण्यात आला.

हगिन्झ यांचा किरीट : प्रतिमादोषाने थोर निरीक्षकालाही कसे चकविले, याचे बोधप्रद उदाहरण इंग्रज ज्योतिर्विद विल्यम हगिन्झ (१८२४–१९१०) यांच्या कार्यात सापडते. खग्रास ग्रहणाची काही मिनिटे वगळता किरीट दिसत नाही, कारण सूर्याजवळच्या आकाशाची उजळी त्याला लोपवून टाकते. १७ मे १८८२ रोजी ईजिप्तमधून दिसलेल्या ग्रहणाच्या नोंदींवरून किरीटाच्या प्रकाशात जांभळा भाग प्रबल असावा, असे हगिन्झ यांना वाटले. केवळ जांभळ्या प्रकाशाने छायाचित्र घेतल्यास ग्रहण नसतानाही किरीट मिळेल, अशी त्यांची कल्पना होती. भिंगातील प्रकीर्णन टाळण्यासाठी त्यांनी आरशाचा दूरदर्शक वापरला व जांभळ्या प्रकाशालाच संवेदी असणाऱ्या काचपट्टिका योजल्या. त्यांवर सूर्याभोवती किरीटासारखी आकृती उमटली. ६ मे १८८३ रोजी पॅसिफिक महासागरातील कॅरोलाइन बेटावरून घेतलेल्या ग्रहणचित्रांशी तिची तुलना केली असता साम्यही आढळले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्राकाटाऊ ज्वालामुखीचा उद्रेक होऊन वातावरणात सूक्ष्म धूळ पसरली व इंग्लंडच्या आकाशात पुढील प्रयत्न साधेनात. १८८४ मध्ये आल्प्स पर्वतावरून प्रयत्न झाले, पण निर्णायक फल मिळाले नाही. अखेर २९ ऑगस्ट १८८६ च्या ग्रहणात वेस्ट इंडीजमधील ग्रेनेडा बेटावर निर्णायक कसोटी घेण्यात आली. तिचे तर्कशास्त्र सोपे होते. किरीट चंद्राच्या मागे आहे. म्हणून खंडग्रास अवस्थेत चंद्राची कड सूर्यबिंबाबाहेरही किरीटावर काळी उठून दिसली पाहिजे. उलटपक्षी, उजळी हवेत किंवा उपकरणात उत्पन्न होत असेल, तर तेथे चंद्राची कड दिसणार नाही. कॅप्टन लेनर्ड डार्विन यांनी हगिन्झ यांच्या पद्धतीने घेतलेल्या काचपट्टिकांवर ती दिसली नाही. काचपट्टिकेवरील ‘किरीट’ सूर्याचा नव्हता. आकृती अपेक्षेशी जुळते, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही; ती खोटी असल्यास काय दिसेल, याचीही कसोटी घ्यावी लागते, हे या प्रकरणाने स्पष्ट झाले.

१८९८ चे ग्रहण व महाराष्ट्र : २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यावरून आत शिरून दख्खन व वऱ्हाड ओलांडून ईशान्येकडे गेला. इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉकयर (१८३६–१९२०) यांच्या पथकाने विजयदुर्ग येथे तळ ठोकला होता. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल यांचे पथक होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे संचालक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही तेथूनच वेध घेतले. वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल ॲसोसिएशनचे सभासद आले होते.

या वेळेपर्यंत किरीटाच्या छायाचित्रणातील मुख्य अडचण ध्यानात आलेली होती. किरीटाचे तेज सूर्याच्या कडेपासून बाहेर झपाट्याने घटते. आतील भागास योग्य असे अल्प उद्भासन दिल्यास बाहेरील प्रवाह उमटत नाहीत आणि दीर्घ उद्भासन दिल्यास आतील भाग जळून सपाट पांढरा होतो. निरनिराळ्या उद्भासनांच्या अनेक काचपट्टिका घेणे, हा एक उपाय होता. अमेरिकन ज्योतिर्विद चार्ल्स बर्कहॉल्टर यांनी दुसरा उपाय योजून तो याच ग्रहणात भारतात वापरला. त्यांनी काचपट्टिकेसमोर फिरणारा एक विशिष्ट आकाराचा पडदा बसविला. त्यामुळे किरीटाच्या आतील भागास कमी व बाहेरील भागास अधिक वेळ प्रकाश मिळे. एकाच दृश्याच्या भिन्न तेजस्वी भागांना भिन्न उद्भासन देण्याची ही कल्पना आजच्या डिजिटल कॅमेऱ्यातील बहु-उद्भासन पद्धतीची पूर्वज म्हणता येईल. तळणी येथे ॲनी माँडर (१८६८–१९४७) यांनी लहान कॅमेऱ्याने किरीटाचा एक अतिदीर्घ प्रवाह टिपला. तोपर्यंत छायाचित्रित झालेल्या प्रवाहांत तो सर्वांत लांब होता.

पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद होऊन तिची उपकरणे कोडईकानल येथे नेण्यात आली. कोडईकानल वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची नियमित छायाचित्रे घेण्यात येत आहेत. तेथील जुन्या काचपट्टिकांचे पुढे डिजिटल रूपांतर करण्यात आले. सौर डागांचे दीर्घकालीन मापन करण्यापूर्वी काचेवरील ओरखडे, धूळ व पायसातील वैगुण्ये डागांपासून वेगळी काढावी लागतात.

लीओ यांचे किरीटदर्शक : हगिन्झ यांना न साधलेले कार्य फ्रेंच ज्योतिर्विद बेर्नार लीओ (१८९७–१९५२) यांनी १९३० मध्ये सिद्धीस नेले. पिरेनीज पर्वतातील पीक द्यू मीदी या सु. २,८७० मी. उंचीच्या शिखरावरून त्यांनी ग्रहण नसताना किरीटाचे वेध घेतले. त्यांचे यश एखाद्या नव्या संवेदी पदार्थामुळे नव्हे, तर भटका प्रकाश कोठून येतो याच्या काटेकोर हिशेबामुळे मिळाले. काचेतील बुडबुडे व ओरखडे टाळण्यासाठी त्यांनी निर्दोष काचेचे एकेरी वस्तुभिंग वापरले व धुळीपासून त्याचे कसोशीने रक्षण केले. सूर्यबिंबाच्या प्रतिमेवर अपारदर्शक चकती ठेवून त्यांनी कृत्रिम ग्रहण घडविले. वस्तुभिंगाच्या कडेवर विवर्तन पावलेला प्रकाश एका पुढील छिद्रपटलाने अडविला. भिंगाच्या दोन पृष्ठांमध्ये परावर्तन होऊन तयार होणारी सूर्याची दुय्यम प्रतिमा झाकण्यासाठी आणखी एक बारीक चकती बसविली. अशा रीतीने प्रत्येक दोषाचे उगमस्थान ओळखून त्याचा स्वतंत्र बंदोबस्त करण्यात आला.

भिंगातील परावर्तने : लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सु. ४% प्रकाश परावर्तित होतो. आठ पृष्ठांच्या भिंगसंचातून त्यामुळे सु. ७२% प्रकाशच पलीकडे जातो. उरलेल्यापैकी काही भाग दोनदा परावर्तित होऊन पुन्हा संवेदकाकडे वळतो. पृष्ठांच्या प्रत्येक जोडीगणिक एक याप्रमाणे आठ पृष्ठांत अशा २८ दुय्यम प्रतिमा संभवतात. तीस पृष्ठांच्या झूम भिंगात ही संख्या ४३५ वर जाते. चित्रात सूर्यापासून मध्याच्या दिशेने ओळीने पसरलेली वर्तुळे किंवा बहुकोन हे याच प्रतिमांचे असून त्यांचा आकार छिद्रपटलाच्या आकारावर अवलंबून असतो.

जुनी, किंचित डागाळलेली भिंगे नव्या भिंगांपेक्षा अधिक प्रकाश पार करतात, असे इंग्रज भिंगतज्ज्ञ डेनिस टेलर यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आढळले. त्यामागील कारण म्हणजे डागाचा पातळ थर परावर्तन घटवितो. १९३५ मध्ये जर्मनीतील झाइस कंपनीचे आलेक्सांडर स्माकुला यांनी निर्वातात असा थर चढविण्याची पद्धत विकसित केली. १९७० नंतरच्या दशकात अनेकपदरी लेप प्रचारात आले. तथापि लेपाने दोष घटतो, नाहीसा होत नाही. प्रत्येक पृष्ठावरील परावर्तन ०·२% पर्यंत उतरविले, तरी दोन परावर्तनांनंतर सूर्याच्या तेजाचा अडीच लक्षांश भाग उरतो व तो आकाशाच्या तेजाच्या बरोबरीचा असतो. म्हणून अशी प्रतिमा केंद्रित होऊन पडल्यास ती उत्तम भिंगातही दिसू शकते.

सूर्यापासून फुटलेले दिसणारे किरण छिद्रपटलाच्या पात्यांवरील विवर्तनाने उत्पन्न होतात. पात्यांची संख्या सम असल्यास तितकेच आणि विषम असल्यास तिच्या दुप्पट किरण दिसतात. म्हणजे सहा पात्यांचे सहा, तर सात पात्यांचे चौदा. चित्रपटसृष्टीत भिंगातील चकाकी प्रदीर्घ काळ त्याज्य मानली जात असे. आकिरा कुरोसावा यांच्या राशोमोन (१९५०) या चित्रपटात छायालेखक काझुओ मियागावा यांनी झाडांच्या पानांआडच्या सूर्यावर थेट कॅमेरा रोखला. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकन चित्रपटांतही चकाकी हेतुपुरस्सर राखली जाऊ लागली आणि पुढे संगणकनिर्मित चित्रांत वास्तवाचा भास व्हावा म्हणून ती मुद्दाम घालण्यात येऊ लागली.

इलेक्ट्रॉनीय माध्यमे : रासायनिक पायसाची जागा इलेक्ट्रॉनीय ग्राहकांनी घेतल्यावर दोषांचे स्वरूप बदलले. दूरचित्रवाणी कॅमेऱ्याच्या नलिका तीव्र प्रकाशाने कायमच्या बिघडत. १९ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो–१२ मोहिमेतील ॲलन बीन यांच्या हातून चंद्रावर कॅमेरा हलविताना तो सूर्याकडे वळला व त्याची नलिका निकामी झाली. परिणामी त्या मोहिमेतील चंद्रपृष्ठावरील बहुतेक कार्य प्रेक्षकांना पाहता आले नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी विद्युत् भार-युग्मित प्रयुक्तीची, म्हणजे सीसीडीची, कल्पना मांडली. तीबद्दल त्यांना २००९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ईस्टमन कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये बनविलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात असाच १०० × १०० चित्रघटकांचा संवेदक होता. सीसीडीत प्रकाशामुळे मुक्त झालेले इलेक्ट्रॉन प्रत्येक चित्रघटकात विहिरीतील पाण्याप्रमाणे साठतात व उद्भासनानंतर एकामागून एक चित्रघटकांतून सरकवीत बाहेर आणून मोजले जातात. विहीर भरली की इलेक्ट्रॉन त्याच स्तंभातील शेजारच्या विहिरींत ओसंडतात व तेजस्वी बिंदूतून पांढरी रेघ निघते. यास ब्लूमिंग म्हणतात. भार सरकविला जात असतानाही प्रकाश पडत राहिल्यास चित्राच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत जाणारी उभी पट्टी उमटते; तिला स्मीअर म्हणतात. जादा भार वाहून नेणारे पाट संवेदकात ठेवून ब्लूमिंग टाळता येते; परंतु त्यामुळे विहिरीची धारकता व प्रकाशग्राही क्षेत्र कमी होते. म्हणून वैज्ञानिक उपकरणांत पुष्कळदा हा दोष पत्करावा लागतो.

१९९० नंतरच्या दशकात एरिक फॉसम व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत विकसित केलेल्या सीमॉस संवेदकात प्रत्येक चित्रघटकाचा भार जागच्या जागी मोजला जातो. त्यामुळे उभी पट्टी नाहीशी झाली, पण एक वेगळा दोष पुढे आला. गोंगाट कमी करण्यासाठी या संवेदकात प्रत्येक चित्रघटकाचे दोनदा मापन करतात. पहिले मापन रिकाम्या स्थितीचे, दुसरे भारित स्थितीचे. त्यांची वजाबाकी म्हणजे प्रकाशाचे मान. सूर्याचे तेज इतके असते की, ‘रिकाम्या’ मापनाच्या वेळीच चित्रघटक भरून जातो. मग दोन्ही मापने सारखीच येतात व वजाबाकी शून्याजवळ जाते. परिणामी चित्रातील सर्वांत तेजस्वी ठिकाणी काळा ठिपका दिसतो. झांसेन यांच्या काचपट्टिकेवरील व्युत्क्रमण रासायनिक होते, येथील अंकगणिती आहे; फल मात्र एकच, काळा सूर्य. नंतरच्या संवेदकांत पहिल्या मापनावर मर्यादा घालणारे मंडल जोडून हा दोष बव्हंशी दूर करण्यात आला.

संवेदकाचा गुळगुळीत पृष्ठ स्वतःही प्रकाश परावर्तित करतो. त्यावरील चित्रघटकांची नियमित जाळी विवर्तन-जालकाप्रमाणे वागल्याने लहान छिद्राने घेतलेल्या चित्रांत सूर्याभोवती रंगीत ठिपक्यांची रांगोळी दिसू शकते. झाडाच्या फांद्या व तेजस्वी आकाश यांच्या सीमेवरील जांभळी किनार मुख्यतः भिंगाच्या वर्णविपथनामुळे येते व संपृक्त चित्रघटकांमुळे ती अधिक ठळक होते.

दोषांची ओळख : मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यात भिंगसंच व संवेदकापुढील गाळणी यांमधील परावर्तनाने सूर्याची एक लहानशी, पुष्कळदा हिरवट किंवा निळसर प्रतिमा चित्राच्या मध्याच्या विरुद्ध बाजूस उमटते. ‘दुसरा सूर्य’ किंवा अज्ञात ग्रह म्हणून अशी चित्रे वेळोवेळी प्रसृत झाली आहेत. २०१२ मध्ये पृथ्वीवर आदळणार म्हणून गाजलेल्या ‘निबिरू’ या काल्पनिक ग्रहाच्या अफवेतही ती पुरावा म्हणून पुढे करण्यात आली. कॅमेरा किंचित वळविल्यास सूर्य व भूदृश्य एकाच दिशेने सरकतात, तर दुय्यम प्रतिमा उलट दिशेने सरकते. खांब किंवा भिंतीच्या आड सूर्य झाकला की ती तत्काळ नाहीशी होते. दुसऱ्या बनावटीच्या कॅमेऱ्यात ती त्याच जागी दिसत नाही. या तीन साध्या कसोट्या बहुतेक प्रसंगी पुरेशा होतात. दोष नेहमीच निरुपयोगी असतो असेही नाही. खंडग्रास ग्रहणात गाळणीविना घेतलेल्या चित्रात बिंब जळून गोल दिसते, पण मंद असलेली दुय्यम प्रतिमा सूर्याची कोर अचूक दाखविते. मात्र गाळणीविना सूर्यावर दीर्घकाळ कॅमेरा रोखल्यास संवेदकास व प्रकाशीय दृश्यदर्शकातून पाहणाऱ्याच्या डोळ्यास गंभीर इजा होऊ शकते.

अवकाशातील वेध : २ डिसेंबर १९९५ रोजी सोडलेल्या सोहो या यूरोपीय-अमेरिकन अवकाशयानावरील किरीटदर्शकांच्या चित्रांत तेजस्वी ग्रहांच्या दोन्ही बाजूंस आडव्या रेघा दिसतात. त्यांना परग्रहावरील याने समजणाऱ्यांची पत्रे वैज्ञानिकांकडे येत. वास्तविक हे सीसीडीतील ब्लूमिंग होय. सौर उद्रेकानंतर वेगवान प्रोटॉन संवेदकावर आदळल्याने चित्रात हिमवर्षावासारखे ठिपके पसरतात. १४ जुलै २००० च्या उद्रेकात हे ठळकपणे दिसले. याच चित्रांतून हौशी निरीक्षकांनी सूर्यालगतचे धूमकेतू मोठ्या संख्येने शोधून काढले व २०२४ मध्ये सोहोने टिपलेल्या धूमकेतूंची संख्या ५,००० झाली. धूमकेतू सलग चित्रांत ठराविक मार्गाने पुढे सरकतो, तर विद्युत् भारित कणाचा ठिपका एकाच चित्रात दिसून जातो. हा भेद ओळखता आल्यामुळेच हे शोध शक्य झाले.

भारताचे आदित्य–एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडण्यात आले व ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वी व सूर्य यांच्या दरम्यानच्या पहिल्या लाग्रांज बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. त्यावरील जंबुपार दूरदर्शक पुण्याच्या आयुका या संस्थेने विकसित केला असून तो २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीत सूर्याचे पूर्ण बिंब टिपतो. बंगळूरच्या भारतीय खभौतिकी संस्थेचा किरीटदर्शक सूर्याच्या कडेलगतचा किरीट पाहतो. त्यात लीओ यांचेच तत्त्व वापरले असून वस्तुभिंगाऐवजी प्रकीर्णन अत्यल्प राहील असा अतिशय गुळगुळीत आरसा योजला आहे. अशा उपकरणांच्या चित्रांतून अंधाऱ्या स्थितीतील संवेदकाचा संकेत, चित्रघटकांच्या संवेदनशीलतेतील फरक व भटका प्रकाश यांचे मापन करून ते वजा केल्यावरच ती संशोधनासाठी वापरतात.

संगणकीय संस्करण : अलीकडील कॅमेऱ्यांत व मोबाइल फोनांत अनेक उद्भासने आपोआप एकत्र करून जळालेले भाग भरले जातात. ग्रहणाच्या वैज्ञानिक छायाचित्रणातही ही पद्धत वापरतात. चेक गणितज्ञ मिलोस्लाव्ह द्रुकम्यूलर यांनी अनेक ग्रहणचित्रांच्या गणिती संयोगातून किरीटाची सूक्ष्म रचना दाखविणाऱ्या प्रतिमा सिद्ध केल्या आहेत. मात्र फोनमधील संस्करण दृश्य सुंदर दिसावे या हेतूने केलेले असते. त्यात दुय्यम प्रतिमा पुसल्या जातात, कडा तीक्ष्ण केल्या जातात व हलत्या वस्तू दुहेरी उमटू शकतात. त्यामुळे दोषाचे मूळ चिन्ह नष्ट होऊन त्याच्या जागी संगणकाने घडविलेला दुसरा दोष येण्याचा संभव असतो. यासाठी वैज्ञानिक वा न्यायिक पुरावा म्हणून वापरावयाच्या छायाचित्राची संवेदकाने नोंदविलेली मूळ असंस्कारित प्रत, उद्भासनाचा काल, छिद्रमान व भिंगाचा तपशील जपून ठेवणे आवश्यक मानले जाते.